मुलगा सज्ञान झाला, पुढं काय?

(मंडळाच्या आषाढातल्या कुटुंबमेळाव्यात, जुलै २०२५ मध्ये, आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बऱ्याच जणांनी नंतर 'ते आकडे लिहून द्या' असं सांगितलं, म्हणून स्मरणिकेसाठी तो जवळपास बोललो तसाच दिला आहे.)



कार्यकर्त्यांनी आम्हाला 'आयकरावर बोला' म्हणून सांगितलं, तेव्हा आम्ही दोघंही हसलो. आमच्यातला एक जण केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेला, दुसरी बालवाडी चालवून थकलेली. चार्टर्ड अकाउंटंट आम्ही नव्हे. पण मग कार्यकर्ते म्हणाले, "काका, तुमच्या धाकट्याच्या कागदपत्रांसाठी तुम्ही आठ वर्षं बेळगावच्या खेपा घातल्या, तेवढं सांगा. गावात अशी आणखी घरं आहेत. ती विचारायला लाजतात." म्हणून आज उभे आहोत. धाकटा पुढच्या रांगेत बसलाय. त्याला विचारूनच त्याच्याबद्दल बोलतोय.

आमचा धाकटा आता २६ वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अपंगत्व आहे. गावातल्या जुन्या माणसांना तो ठाऊक आहे, आरतीला टाळ घेऊन सगळ्यात आधी हजर असतो तो. २०१७ साली तो अठरा वर्षांचा झाला. घरात शिरा केला, औक्षण केलं. आणि त्याच महिन्यात आम्ही त्याच्या बचत खात्याचं पुस्तक भरून घ्यायला एका बँकेत गेलो, तर खिडकीवरचे साहेब म्हणाले, "हे अज्ञानाचं खातं होतं. आता खातेदार सज्ञान आहे. त्याला सही करू दे." धाकट्यानं त्यांच्यापुढं आपलं नाव लिहायला घेतलं. पहिली दोन अक्षरं झाली, तिसरं उलटं आलं. साहेब म्हणाले, "मग पालकत्वाचा आदेश आणा." आम्ही म्हटलं, "आम्ही आई-बाप आहोत की." ते म्हणाले, "सतरा वर्षांपर्यंत होता."

शब्द लागला, पण माणूस कायद्यानं बरोबर बोलत होता. ही पहिली गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्या. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-बाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, मग त्या मुलाला समज किती आहे हा प्रश्न वेगळा. एका कायद्याच्या लेखी तो सज्ञान, स्वतंत्र नागरिक. दुसऱ्या, म्हणजे आयकराच्या कायद्याच्या लेखी, तो आमच्यावर अवलंबून असलेला माणूस. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि दोन्हींचे कागद वेगवेगळे करावे लागतात.

आता आयकराकडं येऊ. आधी सरसकट सगळ्यांना पडणारा प्रश्न घेऊ. "पोरगा पंचविशीत आहे, नोकरी नाही, घरातच जेवतो, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आम्हीच आणतो. त्याच्या नावानं करात काही सूट मिळते का?" उत्तर असं की, आपल्या देशात धडधाकट सज्ञान मुलाला नुसतं पोसतोय म्हणून कराची वजावट नाही.

अमेरिकेत असलेल्या आपल्या भाच्या-पुतण्यांचं ऐकून हा गोंधळ होतो. तिकडं करपत्रकात अवलंबून असलेल्या मुलाचं नाव घालता येतं. साधारण १९ वर्षांपर्यंत, पूर्णवेळ शिकत असेल तर २४ पर्यंत, आणि मूल कायमचं आणि पूर्णपणे अपंग असेल तर वयाची अट नाही. आपल्याकडं ही पद्धत नाही. पण एके काळी थोडीफार होती. १९५५ च्या अंदाजपत्रकात विवाहित माणसाला २,००० रुपयांपर्यंत आणि अविवाहिताला १,००० रुपयांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं होतं. ते अंदाजपत्रक मांडणारे अर्थमंत्री म्हणजे आपले चिंतामणराव देशमुख. सीमाभागात त्यांचं नाव वेगळं सांगायला नको. पुढच्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्यानंतर लवकरच मुलांसाठीही सवलत आली, एका मुलामागं ३०० रुपये आणि तीही दोनच मुलांपर्यंत. म्हणजे घरात खाणारी तोंडं किती, हे सरकार तेव्हा विचारत होतं. पुढं ती रचना गेली. आता कमावणारा माणूस एकेकटा मोजला जातो.

तरी सज्ञान मुलांच्या बाबतीत तीन छोट्या गोष्टी जुन्या करपद्धतीत शिल्लक आहेत. एक, ८०-सी मध्ये दोन मुलांची शिक्षण फी, भारतातल्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाची. दोन, ८०-ई, म्हणजे मुलाच्या उच्च शिक्षणासाठी तुम्ही घेतलेल्या कर्जाचं व्याज. त्याला रकमेची मर्यादा नाही, पण आठच वर्षं मिळतं आणि मुद्दल धरत नाहीत. तीन, ८०-डी, आरोग्यविम्याचा हप्ता. त्यात तुम्ही, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं येतात, मर्यादा २५,००० आणि ज्येष्ठ नागरिक असाल तर ५०,०००. एवढंच. बाकी पोराला नोकरी लागेपर्यंत धीर धरायचा, त्याला वजावट नाही.

वजावट आहे ती आमच्यासारख्या घरांना. कलम ८०-डीडी. तुमच्यावर पूर्णतः किंवा मुख्यत्वे अवलंबून असलेल्या अपंग व्यक्तीसाठी ही वजावट आहे. जोडीदार, मुलं, आई-वडील, भाऊ, बहीण यांतलं कुणीही चालतं. वयाची अट नाही. मूल सहा वर्षांचं असो की साठ वर्षांचं. अपंगत्व किमान ४० टक्के हवं. ४० ते ८० च्या आत असेल तर ७५,००० रुपये, ८० किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,००० रुपये. औषधोपचार, प्रशिक्षण, पुनर्वसन यावर तुम्ही खर्च करत असला पाहिजेत, पण खर्च दहा हजार झाला की लाख, यानं वजावटीचा आकडा बदलत नाही. तो ठरलेला आहे. २०१५ च्या अंदाजपत्रकात तो ५०,००० वरून ७५,००० आणि एक लाखावरून सव्वा लाख झाला. त्यानंतर दहा वर्षं तो तिथंच आहे.

आता हे टक्के कोण ठरवतं? सरकारी वैद्यकीय मंडळ, ज्याला आपण मेडिकल बोर्ड म्हणतो. इथं आम्हाला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती आम्ही आजवर घराबाहेर बोललो नव्हतो.

बौद्धिक अपंगत्वात टक्के अमुक गुण मिळाले तर अमुक, असे ठरलेले असतात. सौम्य असेल तर ५०, मध्यम ७५, तीव्र ९०, अतितीव्र १००. बेळगावला बोर्डापुढं जायच्या आदल्या रात्री एका ओळखीच्या माणसानं फोन करून सांगितलं, "पाऊणशेवर थांबू नका. ऐंशीच्या वर गेलं तर वजावट सव्वा लाख. पोराला सांगा, काही विचारलं तर गप्प बस. बटणं काढता येत नाहीत म्हणा."

आम्ही रात्रभर झोपलो नाही. आमच्यातली जी आई आहे, तिनं या मुलाला शर्टाची बटणं लावायला शिकवायला तीन वर्षं घातली होती. आधी मोठं बटण, जाड कापड, मग लहान बटण. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणायला शिकवायला आणखी दोन वर्षं. आधी त्याच्या मागं दहा पावलांवर चालायचं, मग वीस, मग दारात उभं राहायचं. आणि सकाळी त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून तिच्याच मनात आलं, आज याला काही येऊ नये. आम्ही दोघांनीही तेच मनात आणलं. खोटं कशाला बोलायचं.

आत गेल्यावर डॉक्टर बाईंनी विचारलं, "शर्ट कोणी घातला?" धाकटा छाती पुढं काढून म्हणाला, "मी!" बाई मराठीत बोलल्या म्हणून तो खुलला, आणि पाव आणायला जातो तेही सांगितलं, सुट्टे पैसे परत आणतो तेही सांगितलं. कागदावर ७५ टक्के लिहून आलं. येताना बसमध्ये आम्ही बराच वेळ बोललो नाही. संकेश्वर मागं पडलं तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं ऐंशी आले नाहीत. आले असते तर माझी पाच वर्षं मीच खोटी पाडली असती."

मंडळी, हे आम्ही यासाठी सांगतो की तुमच्यावरही ही वेळ येईल. टक्के खरे तेच घ्या. वाढवून घेतलेल्या टक्क्यांचा कागद पुढं मुलाच्या अंगावर येतो. त्याला कुठं काम मिळायची, काही शिकायची वेळ आली की तोच कागद समोर ठेवतात. आणि मूल ऐकत असतं.

आता कागदांची यादी. लिहून घेणाऱ्यांनी घ्या.

पहिला, अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड. आपल्या सीमाभागातल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न असतो, दवाखाना कोल्हापूरचा जवळ, जिल्हा बेळगाव. दाखला कुठला चालेल? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणं असा दाखला देशभर ग्राह्य आहे. यूडीआयडी कार्डही देशभरासाठी एकच. मूल पुण्याला बहिणीकडं राहायला गेलं म्हणून नवा दाखला काढावा लागत नाही. मात्र दाखला तात्पुरता असेल तर त्यावर तारीख असते. ती उलटून गेली की पुढच्या वर्षी नवा दाखला असल्याशिवाय वजावट मिळत नाही. तारखेआधी सहा महिने जागे व्हा.

दुसरा, नावाचा मेळ. आमच्या धाकट्याचं नाव एका कागदावर आपल्या पद्धतीनं, म्हणजे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दुसऱ्यावर आडनावच नाही. तिसऱ्यावर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. एका कार्यालयात कन्नडमध्ये लिहिलेलं नाव परत इंग्रजीत उतरवताना अक्षर बदललं. चार कागद, चार माणसं. आधार, पॅन, दाखला आणि बँक, या चारही ठिकाणी नाव अक्षर न् अक्षर सारखं करून घ्या. आमची यात दीड वर्षं गेली. कन्नड अर्ज वाचून द्यायला शेजारच्या अक्का आल्या, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

तिसरा, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा एकाहून जास्त अपंगत्व असेल तर फॉर्म १०-आयए लागतो आणि तो आयकराच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. विवरणपत्रातही आता ८०-डीडीसाठी वेगळा तक्ता आहे. त्यात अपंगत्वाचा प्रकार, अवलंबून व्यक्तीशी नातं, तिचा पॅन किंवा आधार आणि यूडीआयडी क्रमांक विचारतात. म्हणून मुलाला उत्पन्न नसलं तरी त्याचं आधार आणि पॅन तयार ठेवा.

चौथी गोष्ट कागद नाही, सापळा आहे. ८०-डीडी घरच्या माणसाला मिळतं. अपंग व्यक्तीला स्वतःला मिळणारी वजावट म्हणजे ८०-यू. दोन्ही एकाच व्यक्तीसाठी एकाच वर्षी मिळत नाहीत. मुलानं स्वतःच्या विवरणपत्रात ८०-यू घेतलं, तर तुमचं ८०-डीडी गेलं. आजोबांनी मायेनं नातवाच्या नावावर मोठी ठेव ठेवलेली असते. मूल अठराचं झालं की त्या ठेवीचं व्याज त्याचं स्वतःचं उत्पन्न. मग बँक कर कापते, तो परत मिळवायला कुणीतरी त्याच्या नावानं विवरणपत्र भरतं, आणि भरताना हौसेनं ८०-यू घालतं. असं करू नका. ठेव किती, व्याज किती, कोण काय मागणार, हे आधी एकत्र बसून ठरवा. व्याज फार मोठं असेल तर 'मुख्यत्वे अवलंबून' हा शब्दही टिकेल का, हे जाणकाराला विचारा.

'मुख्यत्वे' या शब्दाबद्दल आणखी एक. आमचा धाकटा बाजारपेठेतल्या एका तंबाखूच्या दुकानात दुपारी पुड्यांवर लेबलं चिकटवतो. आठवड्याला दोनशे रुपये मिळतात. एकानं आम्हाला घाबरवलं, "आता तो कमावता झाला, वजावट गेली." तसं नाही. कायद्यात 'पूर्णतः' बरोबर 'मुख्यत्वे' हा शब्द मुद्दाम आहे. दोनशे रुपये मिळवतो म्हणून मुलाला काम सोडायला लावू नका.

आता हिशेब. आमचाच मागच्या वर्षाचा, म्हणजे २०२४-२५ चा, व्याजाचा भाग सोपेपणासाठी सोडून. वर्षाचं निवृत्तिवेतन ८,२०,००० रुपये.

नव्या करपद्धतीत प्रमाणित वजावट ७५,०००. उरले ७,४५,०००. त्यावर कर आणि उपकर मिळून २५,४८० रुपये.

जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५०,०००, ८०-सी १,५०,०००, आरोग्यविमा ४५,०००. उरले ५,७५,०००. ज्येष्ठ नागरिकाचा कर उपकरासह २६,०००. म्हणजे इथवर दोन्ही पद्धती सारख्याच, जुनी उलट थोडी महाग. आता यातून धाकट्याचे ७५,००० वजा करा. उरले बरोबर ५,००,०००. पाच लाखांपर्यंत सूट असल्यामुळं कर शून्य. एका ओळीनं २५,४८० रुपये वाचले. एवढ्यात त्याच्या वर्षभराच्या वाचोपचारांच्या आणि दंतवैद्याच्या खेपा होतात.

पण दोन अटी. जुनी पद्धत निवडायची तर विवरणपत्र मुदतीतच भरायला हवं; मुदत गेली की नवीच पद्धत. यंदा ती मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केली आहे, म्हणजे गणपतीच्या गडबडीत विसरू नका. आणि दुकान-व्यापार असेल तर जुन्या पद्धतीसाठी आधी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि पगारदारासारखं दरवर्षी इकडून तिकडं जाता येत नाही. निपाणीत निम्मी घरं व्यापाऱ्यांची, म्हणून हे ठळक सांगतो.

आणि आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही म्हणाल, मग इतका वेळ कशाला बोललात. चालू वर्षापासून, २०२५-२६ पासून, नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करच लागत नाही. आमचं ८,२०,००० त्यात आलं. ८०-डीडी नव्या पद्धतीत मिळत नाही, पण आम्हाला आता त्याची गरजही उरली नाही. धाकट्याचं नाव विवरणपत्रात न घालताही कर शून्य. तुमच्यातल्या बहुतेकांचं तसंच होईल. ज्यांचं उत्पन्न जास्त आहे, त्यांनी दोन्ही पद्धतींनी मांडून बघावं. शिवाय संसदेत नवं आयकर विधेयक आहे. ते मंजूर झालं की पुढच्या एप्रिलपासून कलमांचे आकडेही बदलतील. ८०-डीडी हा आकडा पाठ करून उपयोग नाही, अर्थ लक्षात ठेवा.

हे आम्ही घरी मांडलं तेव्हा आमच्यातला बाप म्हणाला, "चला, सुटलो. आता ती फाईल माळ्यावर टाकू." आमची थोरली पुण्याहून आली होती. ती म्हणाली, "बाबा, ती फाईल तुमच्या करासाठी होती का त्याच्यासाठी?"

थोरलीचा प्रश्न बरोबर होता. वजावट मिळते म्हणून आम्ही ते कागद केले. पैशाच्या निमित्तानं केले, नाहीतर आळस केला असता. पण कागदांचा खरा उपयोग आम्ही नसताना आहे. ते चार उपयोग सांगतो.

पहिला, कौटुंबिक निवृत्तिवेतन. केंद्र सरकारच्या नियमांत, ज्या मुलाला अपंगत्वामुळं स्वतःची उपजीविका करता येत नाही, त्याला आई-वडिलांच्या पश्चात आयुष्यभर कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळू शकतं. पंचविशीची मर्यादा त्याला नाही. आणि निवृत्त माणूस हयात असतानाच अशा मुलाचं नाव पेन्शनच्या आदेशात घालून घेता येतं. नंतर एकट्या पोरानं कुठल्या खिडकीवर उभं राहून सिद्ध करायचं? राज्य सरकारची किंवा दुसरी नोकरी असेल तर आपापल्या खात्याचे नियम आजच विचारा.

दुसरा, पालकत्व. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविध अपंगत्व यांच्यासाठी आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. अठरा पूर्ण झाल्यावर तिच्याकडं अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. लोकांना हिशेबाचा कंटाळा येतो. आम्हाला उलट बरं वाटतं, उद्या आम्ही नसताना कुणीतरी हिशेब मागणारं आहे.

तिसरा, विमा आणि प्रवास. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' योजना एक लाखापर्यंत आरोग्य संरक्षण देते, त्याला आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. रेल्वेत सोबतच्या माणसासह भाड्यात सवलत आहे. दाखला हातात असला की हे सुरू होतं.

चौथा, बहीण-भाऊ. ८०-डीडीत भावंडंही येतात हे मगाशी सांगितलं. उद्या धाकटा थोरलीवर अवलंबून असेल तर वजावट तिला मागता येईल, तिची करपद्धत जुनी असेल तर. पूर्वी या कलमाखाली विमा योजनेत पैसे भरले, तर मुलाला त्याचा लाभ आई-बाप गेल्यावरच मिळायचा. एका अपंग मुलीच्या वडिलांनी त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. २०१९ मध्ये न्यायालयानं कायदा रद्द केला नाही, पण सरकारनं यावर विचार करावा असं म्हटलं. २०२२ च्या अंदाजपत्रकात बदल झाला. आता आई-बाप साठीचे झाले आणि त्यांनी पैसे भरणं थांबवलं, की त्यांच्या हयातीतही मुलाला रक्कम मिळू शकते. एका घरानं दाद मागितली म्हणून सगळ्यांचं काम झालं.

आता थोरलीबद्दल. आम्ही तिला पालकत्वाबद्दल विचारायला सात वर्षं घाबरलो. तिचं लग्न, सासर, तिच्या घरचे काय म्हणतील. आम्ही तिच्याशी न बोलताच मनात गृहीत धरलं होतं, किंवा मनात सोडूनही दिलं होतं, दोन्ही एकाच वेळी. शेवटी गेल्या दिवाळीत फराळाचं ताट पुढं असताना आई म्हणाली, "आमच्यानंतर तू याची पालक होशील का? नाही म्हणालीस तरी आमचा राग नाही." थोरली बराच वेळ चकली मोडत बसली. मग म्हणाली, "मी हो म्हणते. पण दोन अटी. एक, पैसे कुठं आहेत ते सगळं एका वहीत लिहा. आणि दोन, याला विचारलं का?"

नव्हतं विचारलं. पंचवीस वर्षांच्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. तिथंच विचारलं. "आम्ही नसलो तर तू कुठं राहशील?" तो म्हणाला, "ताईकडं. पण आरतीला निपाणीत." आता हे दोन्ही त्या वहीत लिहिलं आहे.

मंडळी, 'अवलंबून' या शब्दाचा आम्हाला फार राग यायचा. फॉर्ममध्ये धाकट्याच्या नावापुढं तो शब्द लिहिताना हात अडखळायचा. आता तसं होत नाही. आयुष्याच्या दोन्ही टोकांना आपण सगळेच कुणावर तरी अवलंबून असतो. सरकारच्या कागदावर तो शब्द त्याच्या हक्कासाठी लिहायचा, खरा तेवढाच लिहायचा, आणि आपण हयात असताना लिहायचा. पण त्या शब्दाला घरात घेऊन यायचं नाही.

ज्यांची मुलं सोळा-सतरा वर्षांची आहेत, त्यांना हात जोडून सांगतो. अठरावा वाढदिवस यायच्या आत दाखला, आधार, पॅन यांतल्या नावांचा मेळ घाला. अठरा झाल्यावर लगेच पालकत्वाचा अर्ज. पेन्शनच्या आदेशात नाव. आणि भावंडांशी उघड बोलणं. कागदांत अडलात तर आमच्या घरी या, चहा घेऊ आणि फाईल उघडू. लाजू नका. आम्ही लाजलो त्यात आमची तीन वर्षं वाया गेली.

शेवटी एकच सांगतो आणि थांबतो. मागच्या वर्षी वर्गणी गोळा करायला आपली पोरं आमच्या दारात आली. आम्ही नेहमीप्रमाणं पैसे दिले, पावती घरच्या नावानं. धाकटा आत गेला आणि लेबलांच्या कमाईच्या डब्यातून एकशे एक रुपये घेऊन आला. म्हणाला, "माझी वेगळी." पोरांनी एकमेकांकडं बघितलं, आणि त्यातल्या एकानं काही न बोलता त्याच्या पूर्ण नावानं पावती फाडली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, एकही अक्षर न चुकता. ती पावतीही आता त्याच फाईलमध्ये लावली आहे, दाखल्याच्या शेजारी.

यंदाही तो देणार आहे. पोरांनो, पावतीपुस्तक घेऊन या.

गणपती बाप्पा मोरया!